रब्बी ज्वारीच्या रानात रिक्सिया (जमिनीला चिकटून वाढणारी बिनफुलांची छोटी वनस्पती) सापडली आहे. कुळवाच्या पाळ्या आणि फवारण्या चालू ठेवून ती कशी जपता येईल?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीना नदीजवळ साडेतीन एकराचं रान आहे. मधला भाग मध्यम काळा, पश्चिमेच्या बांधाकडे मुरमाड आणि थोडा चढ. खरिपात रान पड असतं, उत्तरा-हस्त नक्षत्रात मालदांडी ज्वारी पेरतो. पश्चिमेच्या बांधापलीकडे डाळिंबाची बाग आहे.

या बांधाच्या पायथ्याला साधारण ४० मीटर लांबीच्या पट्ट्यात, पुनर्वसूच्या पावसानंतर जमिनीला चिकटून हिरव्या चांदण्या उगवल्या आहेत. मोठ्यातली मोठी रुपयाएवढी. फांद्या दोन-दोनदा फुटत जातात. काहींच्या कडा जांभळट आहेत. त्याच पट्ट्यात ओल जास्त धरणाऱ्या खळग्यात तीन-चार ठिकाणी वेगळंच काही आहे: सपाट पानासारख्या तुकड्यावर सुईसारखी हिरवी शिंगं उभी आहेत, दोन सेंटीमीटरच्या आसपास. फोटो आणि पुस्तकातली चित्रं जुळवून पहिली रिक्सिया आणि दुसरी अँथॉसिरॉस किंवा तिच्या जवळची वाटते.

विचारायचं ते असं:

१) यातलं दुर्मिळ काय आणि साधं काय, हे कसं ठरवायचं?
२) आतापर्यंत दोन पाळ्या झाल्या आहेत. तिसरी पुष्यात घालायची असते. ती घातली तर हे सगळं जाईल का?
३) बागेच्या फवारणीचा त्रास होतो का?
४) ज्वारी काढल्यावर, उन्हाळ्यात मेंढरं बसवतो. चालेल का?

रान पड टाकणं शक्य नाही, ज्वारी निघालीच पाहिजे. ती धरून सांगा.

भिंग दहापट

तुमचं वर्णन रिक्सियाशी जुळतं. तरी आधी हातात दहापटीचं भिंग घेऊन चार गोष्टी बघून घ्या, कारण पावसाळ्यात जमिनीवर हिरवं दिसणारं सगळं यकृतका (लिव्हरवर्ट, रिक्सियाचा गट) नसतं.

नॉस्टॉक हे त्यातलं पहिलं. काळपट शेवाळी रंगाचा, जेलीसारखा लिबलिबीत, उन्हात वाळून कागदासारखा होणारा. त्याला दुफाट्या फांद्या नसतात आणि खाली मुळंही नसतात. दुसरा नेच्याचा बालरोप: हृदयाच्या आकाराचा, पाचेक मिलीमीटरचा, इतका पातळ की उजेडाकडे धरला तर आरपार दिसतो. रिक्सियाचा तुकडा मांसल असतो. प्रत्येक फांदीच्या मधोमध लांबट खाच असते, टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा असतो. हलकेच उलटा केला तर खाली पांढरे केसासारखे मूलाभ दिसतात, आणि कडेला बारीक खवले. खवले रंगहीन आहेत की जांभळे, ते कडेच्या बाहेर डोकावतात की नाही, हे लिहून ठेवा. ओळख पटवताना याचा उपयोग होतो.

दुपारी ऊन लागल्यावर पुन्हा एकदा बघा. कोरड्या जागेतल्या जातींच्या कडा आत वळतात आणि चांदणी दोरीसारखी बारीक, काळपट होते. तिच्यावर पावसाच्या पाण्याचे चार थेंब टाका. काही मिनिटांत कडा उलगडतात, खाच उघडते, हिरवा रंग परत येतो. या उघडमिटीमुळेच श्रावणातली पंधरा-वीस दिवसांची उघडीप ती सोसते. ज्या जातींची वरची बाजू जुन्या भागात पावासारखी छिद्राछिद्रांची होते त्या मात्र ओल्या गाळावरच्या. त्यांना ही ताकद कमी.

शिंगवाल्या वनस्पतीबद्दल: ती काटेकोर बोलायचं तर यकृतका नाही, शृंगका (हॉर्नवर्ट). वेगळा गट. शिंगाचं टोक पिकलं की ते वरून खाली दोन फाकांत चिरतं. चिरलेल्या टोकावर बोट टेकवून कागदावर झटका. पूड काळपट पडली तर अँथॉसिरॉसकडे झुकतं, पिवळी पडली तर फिओसिरॉसकडे. ही साधी परीक्षा रानातच होते.

आता दुर्मिळ कोणती? रिक्सियाची जात नुसत्या फोटोवरून ठरत नाही. बीजाणू पाहावे लागतात. रिक्सियाची बीजाणूपेटी खाचेच्या खालीच, तुकड्याच्या पोटात गाडलेली असते. तिला देठ नाही, बूड नाही. तुकडा कुजला की बीजाणू तिथल्या तिथे मातीत पडतात. पिकल्यावर वरूनही खाचेत काळे ठिपके दिसतात. असा एक ठिपका ब्लेडने फोडून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घ्या आणि ४०० पट मोठा करून बघा. तीन नोंदी हव्यात: बीजाणूचा व्यास मायक्रोमीटरमध्ये, बाहेरच्या बाजूवरच्या जाळीची घरं व्यासाच्या ओळीत किती भरतात, आणि कडेला पंखासारखी किनार आहे की नाही. किमान २० बीजाणू मोजा.

नमुना घेताना चाकूने चार-पाच चांदण्या खालच्या अर्धा सेंटीमीटर मातीसकट उचला. जिथे दहाच आहेत तिथे एकच घ्या. कागदाच्या पाकिटात सावलीत वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात तर दोन दिवसांत बुरशी चढते आणि नमुना वाया जातो. पाकिटावर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, मातीचा प्रकार, मागचं पीक आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत तिथे विचारणा करा.

आणि एक. नाव कळेपर्यंत थांबू नका. जपण्याची रीत या पट्ट्यातल्या सगळ्यांना जवळपास एकच लागते.

कोरडवाहू

तिसरी पाळी त्या पट्ट्यात घालू नका. बाकीच्या रानात खुशाल घाला.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तारखा मागेपुढे झाल्या तरी तुम्हाला स्वतः ठरवता येईल. कुळवाचा फास दोन-तीन इंच खाली जातो आणि चांदणी मुळासकट उलटी करतो. उलटी झालेली चांदणी एका उन्हात मरते. तिच्या पोटात बीजाणू पिकलेले असले तर काही बिघडत नाही, ते मातीतच जायचे असतात. न पिकता मेली तर त्या वर्षीची भर शून्य. बीजाणू रुजून चांदणी डोळ्याला दिसायला तीन-चार आठवडे, आणि पिकायला धरून एकूण आठ ते दहा आठवडे लागतात. मध्ये उघडीप लांबली तर आणखी. आपल्याकडे पावसाळाभर दर पंधरा-वीस दिवसांनी पाळी पडते. म्हणजे जे उगवतं ते दर वेळी कच्चंच मरतं आणि मातीतला साठा खर्च होत जातो. पाळी वाईट नाही. दोन पाळ्यांमधली मुदत अपुरी पडते, एवढंच.

तुमच्या पट्ट्याचा हिशेब असा लावा. बांधाच्या पायथ्यापासून आत २ मीटर रुंद, ४० मीटर लांब. ८० चौरस मीटर झालं, गुंठाही नाही. दोन्ही टोकांना आणि मध्ये दर १० मीटरवर खुंट्या ठोकून सुतळी बांधा. ट्रॅक्टरवाला नवा असला की खुंटी असूनही फास आत घुसतो, म्हणून खुंटीला पांढरं फडकं लावा आणि वळण घ्यायची जागा या पट्ट्यात ठेवू नका. चाकाखाली ओली माती दबून काचेसारखी गुळगुळीत झाली की तिच्यावर पाणी साचतं आणि वर बारीक गाळाचा पापुद्रा बसतो. त्याखाली चांदण्या गुदमरतात.

पुढचं वेळापत्रक:

मृग-आर्द्रात एक उथळ पाळी, पुनर्वसूच्या सुरुवातीला दुसरी, दोन्ही पट्ट्यातही घाला. त्यानंतर उत्तरा लागेपर्यंत पट्ट्यात लोखंड नाही. ही नऊ-दहा आठवड्यांची सलग मुदत. या वर्षी तुमच्या दोन पाळ्या झाल्याच आहेत, तेव्हा आजपासून मोजायला सुरुवात करा.

तण मात्र सोडायचं नाही. टाकळा, गाजर गवत, काँग्रेस म्हणा हवं तर, वीतभर झालं की खाली अंधार पडतो. खुरपं लावू नका, खुरपं माती हलवतं. विळ्याने जमिनीपासून दोन-तीन इंचावर कापा आणि कापलेलं पट्ट्याबाहेर न्या. तिथेच टाकलं तर आच्छादन होतं आणि त्याखाली काहीच जगत नाही. महिन्यातून एकदा कापणं पुरतं. हरळी आणि लव्हाळा असला तर तो मृगाच्या आधी, जमीन कोरडी असताना काशा वेचून काढा; पावसात उपटायला गेलात तर ढेकूळ उचलून येतं आणि चांदण्या त्याच्याबरोबर.

पेरणीच्या आधी भिंगाने दहा चांदण्या बघा. दहातल्या सातांत खाचेत काळे ठिपके दिसले तर तिफण बिनधास्त चालवा. दिसले नाहीत तर तेवढा पट्टा हस्तात पेरा, किंवा पेरूच नका. तशीही ४५ सेंटीमीटरवर ओळ पडते, फण हलवतो ती माती चार बोटांची. ओळींमधल्या चांदण्या परतीच्या पावसावर आणखी दोन-तीन आठवडे काढतात. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात येते, तोवर त्यांचं काम झालेलं असतं. त्या कोळपणीने उलट बीजाणू मातीत मिसळतात आणि भेगाही बुजतात. दोघांचंही भलं.

बाकीच्या रानात चौकोनी वाफे पाडता का? पाडत असाल तर तिथेही शोधा. वाफे पाडल्यावर आतली माती पेरणीपर्यंत कमी हलते आणि ओल टिकते, त्यामुळे वाफ्याच्या वरंब्याच्या कुशीत रिक्सियाला जागा मिळते. मधल्या सखल भागात मात्र पाणी तुंबून गाळ बसतो, तिथे अपेक्षा ठेवू नका. भारी काळ्या रानाचंही तसंच आहे. ती माती वाळली की वरचा थर भुगा होऊन भेगांत पडतो, बसायला स्थिर जागाच राहत नाही. म्हणून तुमच्या रानात त्या मधे नाहीत आणि मुरमाड कडेला आहेत.

हिरवा माळ

कोरडवाहू यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण एवढं सगळं करण्यापेक्षा तो पाऊण गुंठा तार मारून कायमचा सोडून दिला तर? सोलापूरजवळ नान्नजकडच्या माळावर चराई थांबवली की गवत सुधारतं हे सगळ्यांना माहीत आहे. न हलवलेल्या जमिनीत सगळंच वाढतं.

कोरडवाहू

हिरवा माळ, गवत जपायचं असेल तर तुमचं बरोबर. इथे मात्र त्याच कारणाने नुकसान होईल. पट्टा तीन-चार वर्षं न हलवता ठेवला की आधी हरळी, मग कुसळी आणि मारवेल जमीन झाकतात. चांदणी जमिनीपासून दोन मिलीमीटर उंच. तिला उघडी माती आणि उजेड लागतो. उंच गवताशी तिची बरोबरीच होऊ शकत नाही. शेतातल्या या वनस्पती शेतीमुळेच तिथे टिकल्या आहेत. नांगर फिरतो म्हणून माती उघडी राहते. युरोपातही शेतातल्या शृंगकांचा हाच अनुभव आहे: कापणीनंतर धसकटं शेतात उशिरापर्यंत राहिली तर त्या पिकतात, लगेच नांगरट झाली तर जातात, आणि जमीन कायमची गवताखाली गेली तरीही जातात.

म्हणून वर्षातून एकदोनदा उथळ हलवायचं आणि मग नऊ-दहा आठवडे हात लावायचा नाही. दोन्ही अर्ध्या गोष्टी पाळल्या तरच उपयोग.

खोल नांगरटीबद्दल राहिलं. पलटी नांगराने आठ-नऊ इंच माती उलटली की वरचा बीजाणूंचा थर खाली जातो. रुजायला उजेड लागतो, तिथे तो नसतो. पुढच्या उलटीत काही वर येतात, पण मधली वर्षं रिकामी जातात. उन्हाळी नांगरट दर वर्षी करत असाल तर पट्टा त्यातून वगळा.

सीनाकाठ

आभारी आहे. आज सकाळी सुतळी बांधली, पुष्याची पाळी पट्टा सोडून घातली. शिंगाची पूड काळपट आली.

डाळिंबाचं थोडं तपशिलात सांगतो. बाग मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडाला फुलं धरायची), तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य डागांचा रोग) असतो. त्यामुळे पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण आणि मध्ये कॉपर ऑक्सिक्लोराइड, अशी तांब्याची औषधं चालतात. बागेचं पाणी उताराने आमच्याच बांधाला येतं. बागवाले चुलते आहेत, सांगितलं तर ऐकतील, पण काय सांगायचं ते नेमकं पाहिजे. ज्वारीत तणनाशक आम्ही वापरत नाही, यंदा एकाने अ‍ॅट्राझिन सुचवलं आहे.

मृग बहार

डाळिंबावाल्यांच्या बाजूने लिहितो, कारण तेल्या आला की फवारणी थांबवा म्हणून चालत नाही. फवारणी कशी आणि कुठून करायची एवढंच बदलता येतं.

एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के. म्हणजे दर १०० लिटरला पाव किलो तांबं. एकरी ४०० लिटर मारलं तर एका फवारणीत एक किलो तांबं बागेत पडतं. तांबं पाण्याबरोबर खोल जात नाही, वरच्या इंच-दीड इंचात मातीला धरून बसतं, आणि यकृतकांचे मूलाभ नेमके त्याच थरात असतात. आपली माती चुनखडीची आणि विम्ल (अल्कधर्मी) असल्यामुळे हे तांबं बरंचसं जखडलेलं राहतं, विरघळून कमी येतं. म्हणून मातीत साठलेल्या तांब्यापेक्षा फवाऱ्याचा थेट तुषार जास्त मारक. यकृतकांच्या अंगावर झाडाच्या पानासारखी मेणाची जाड साल नसते, जे अंगावर पडेल ते सरळ आत शोषलं जातं. तुषार पडलेली चांदणी तपकिरी पडू शकते. पण बुरशीनेही चांदणी मरू शकते. हे लक्षात ठेवा म्हणजे उगाच फवारणीवर खापर फुटणार नाही.

तुमची अडचण दिशेची आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा-नैर्ऋत्येचा. बाग पश्चिमेला, पट्टा पूर्वेला. म्हणजे सगळा तुषार पट्ट्यावर. चुलत्यांना इतकं सांगा:

बांधालगतच्या शेवटच्या दोन ओळी ब्लोअरने न मारता हातातल्या गनने, बांधाकडे पाठ करून, बागेच्या आत तोंड ठेवून माराव्यात. सकाळी सहा ते आठ वारा पडलेला असतो तेव्हा. नोझलची चकती फार बारीक नको. बारीक थेंब जास्त लांब उडतात. त्या दिवशी पट्ट्यावर जुनी ज्यूटची पोती किंवा शेडनेट अंथरा, फवारणी संपल्यावर दोन तासांनी काढा. पोतं दिवसभर राहिलं तर खाली उकडतं, म्हणून काढायला विसरू नका. काढताना उलट्या बाजूने गुंडाळा, झटकू नका.

पाण्यासाठी बांधाच्या बागेकडच्या अंगाला एक फूट रुंद, एक फूट खोल चर काढा आणि तो उताराने पट्ट्याच्या पलीकडे ओढ्याकडे नेऊन सोडा. माती बागेकडे टाका. चराशिवाय बागेतला खतमिश्रित गाळ पट्ट्यात येतो, आणि खत मिळालं की शेवाळ व तण दोन्ही माजतात. चर दर मोठ्या पावसानंतर एकदा उपसावा लागतो. भरला की पाणी बांध फोडून नेमकं मधोमध घुसतं.

पुढे कधी बहार बदलायचा विचार असेल तर हस्त बहारात भर पावसाळ्यातल्या फवारण्या कमी होतात. पण तो निर्णय बाजारभाव आणि पाणी बघून त्यांनी घ्यायचा, आपण आग्रह धरू नये.

अ‍ॅट्राझिन पट्ट्यात नको म्हणजे नकोच. ते हिरव्या पेशीतलं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं. ज्वारी ते आपल्या शरीरात मोडून टाकते म्हणून वाचते. उगवणीपूर्वी मातीवर मारायचं औषध असल्यामुळे ते आधी वरच्या थरातच पडतं. उसात वापरतात ते डाययुरॉनही त्याच कुळातलं काम करतं. रानात मारायचंच ठरलं तर पट्ट्यापासून ५ मीटर सोडा आणि पंपाला हूड लावा. फवारणीचा पंप पट्ट्याजवळ धुऊ नका, ही चूक सगळ्यात जास्त होते.

भिंग दहापट

मेंढरांचा प्रश्न मागे राहिला. ज्वारी काढल्यावर मेंढरं नुसती चरून गेली तर फायदाच, गवत खाली राहतं. बसवायची मात्र पट्ट्यापासून २० मीटर तरी लांब. एका रात्रीत लेंड्या आणि मूत एका जागी इतकं पडतं की पुढच्या पावसाळ्यात तिथे माठ आणि टाकळाच कमरेइतका येतो. आणि आषाढ-श्रावणात ओल्या जमिनीवर कळप नको, खुरांनी सगळं कालवून टाकतात.

आता विमा म्हणून एक काम करून ठेवा. एखाद्या वर्षी पाऊसच गेला, बांध फुटला किंवा कुणी जेसीबी घातला, तर परत आणायला माती हवी. एप्रिलमध्ये, जमीन खडखडीत वाळल्यावर, पट्ट्यातून दहा ठिकाणची वरची एक सेंटीमीटर माती पत्र्याच्या पट्टीने खरवडा. प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढी जागा, जास्त नाही. सगळी मिळून अर्धा किलो पुरे. सावलीत दोन दिवस पसरा, कागदी पाकिटात भरा, ते पाकीट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवा. अशी माती काही वर्षं कामाला येते.

त्यातलीच शंभर ग्रॅम त्याच वर्षी रुजवून बघा, म्हणजे साठ्यात जीव आहे का ते कळेल. उथळ प्लॅस्टिकच्या ताटलीला खाली भोकं पाडा, दोन सेंटीमीटर धुतलेली वाळू आणि वर तीन मिलीमीटर ही माती. ताटली पाण्याच्या परातीत ठेवून पाणी खालून चढू द्या. वरून ओतलं तर बीजाणू एका कडेला वाहून जातात. वर काच, एका बाजूला काडी घालून फट ठेवलेली. उत्तरेच्या खिडकीत उजेड हवा, ऊन नको. मे महिन्याच्या उकाड्यात करू नका, मातीत शेवाळच माजतं, आषाढात करा.

पाणी पावसाचंच घ्या, किंवा आरओचं. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. आठवड्याभरात मातीवर पांढरी क्षाराची साय येते, आणि रुजलेलं सगळं त्या सायीखाली जळतं. रुजलं नाही म्हणून माती फेकून देतात, दोष पाण्याचा असतो. खत, जीवामृत, काही घालू नका. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसायला लागतात. निळसर हिरवा चिकट थर आला तर ते शेवाळ. काच एक दिवस काढून वरचा थर सुकू द्या.

मोजणीही धरा, नाहीतर तीन वर्षांनी वाढलं की घटलं यावर नुसती चर्चा होते. एक मीटर बाय एक मीटरची बांबूची चौकट करा आणि दर १० सेंटीमीटरवर दोरा बांधा. शंभर घरं झाली. खुंट्यांवरून मोजून पट्ट्यात कायमच्या पाच जागा ठरवा. किती चांदण्या हे मोजू नका, त्या एकमेकींत मिसळतात. किती घरांत आहे एवढंच मोजा. रिक्सियाचं वेगळं, शृंगकेचं वेगळं. पुष्य, मघा आणि पेरणीच्या आदल्या दिवशी, अशी वर्षातून तीनदा. शेजारी तीन स्तंभ: आदल्या पंधरवड्याचा पाऊस, शेवटच्या पाळीची तारीख, बागेतली शेवटची फवारणी. चौकटीबाहेर उभं राहून, फळीवर गुडघा टेकून मोजा. पाय आत नको.

ही नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात झाडं, पिकं, जनावरं भरतात, शेवाळी गटाचा रकाना बहुतेक रिकामा असतो. तुमचा पट्टा त्यात आला तर पुढे बांधबंदिस्तीचं काम निघेल तेव्हा दाखवायला कागद राहील.

सीनाकाठ

बांधबंदिस्तीवरून आठवलं. पुढच्या उन्हाळ्यात तलावातला गाळ आणून रानात पसरायचा विचार आहे, आणि हाच बांध उंच करायचा आहे. दोन्ही होऊ शकतं का?

कोरडवाहू

गाळ बाकीच्या रानात टाका, मुरमाड भागाला त्याची गरजही आहे. पण पट्ट्यात एक पाटीसुद्धा नको. दोन इंच गाळ पसरला की खालचा सगळा साठा अंधारात जातो. डंपर पट्ट्याच्या बाजूने आत येऊ देऊ नका, पूर्वेकडून रस्ता द्या.

बांध उंच करताना माती पट्ट्यातून उचलायची नाही, हीच चूक होते. यंत्रवाला सोयीची म्हणून पायथ्याचीच माती ओढतो. भर बागेकडच्या चरातून घ्या, चर काढायचाच आहे. तरीही बांधाचा पाया पट्ट्यावर येणार असेल, तर काम सुरू होण्याआधी तेवढ्या लांबीची वरची एक इंच माती फावड्याने खरवडून पोत्यात भरा, पोती सावलीत कोरडी ठेवा. काम झाल्यावर नव्या पायथ्याला, आतल्या बाजूला, ती बोटाच्या पेराएवढी जाड पसरा आणि फळीने हलकी दाबा. हे वळवाच्या आधी संपवा. वळवाचा पाऊस जोराचा असतो. दाबायच्या आत तो पडला तर पसरलेली सगळी माती ओढ्यात जाईल.

पहिल्या वर्षी चौकटीत घरं निम्मी भरली तरी घाबरू नका, पट्टा बदलू नका.

भिंग दहापट

आणि बांधाला हात लावण्याआधी एप्रिलची ती अर्धा किलो माती डब्यात गेलेली असू द्या. शृंगकेच्या खळग्यांतली माती वेगळ्या पाकिटात, चार जागा आहेत तर चार पाकिटं.

सीनाकाठ

ठीक. चर या आठवड्यात काढतो, पोती चुलत्यांकडे आहेतच. चौकट आज बांधायला घेतली. पहिली मोजणी मघात इथेच टाकतो, बीजाणूंचे आकडे मिळाले की तेही.